माझं बाद मत

निवडणूक कशी लढवावी हे शिकायचं असेल तर आमच्या थॉर्नमथमध्ये या आणि सिरिल थर्लोचं घर विचारा! सिरिल थर्लो म्हणजे मीच. अजून तरी कुणी विचारत आलेलं नाही, ते सोडा. पण त्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीत प्रचारप्रमुख मी होतो, उमेदवाराचा अधिकृत प्रतिनिधी मी होतो, गाडीचा ड्रायव्हर मी होतो आणि उमेदवाराचा नवराही मीच होतो. एवढी पदं एकाच माणसाकडे असल्यावर पक्षात भांडणं होण्याचा प्रश्नच नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

उमेदवार म्हणजे माझी बायको, विनी.

तेव्हा आमचं गाव म्हणजे गाव होतं हो! उन्हाळा लागला की आगगाड्या भरभरून माणसं यायची. खानावळवाल्या बाया नाश्ता झाला की पाहुण्यांना दाराबाहेर काढायच्या आणि संध्याकाळपर्यंत घरात घ्यायच्या नाहीत. मग ती बिचारी मंडळी समुद्रावर येऊन माझ्या घडीच्या आरामखुर्च्या भाड्याने घ्यायची आणि पावसात रेनकोट घालून 'काय छान हवा आहे' म्हणत सँडविच खायची. वारा असा की चहात साखर घातली की ढवळायला चमचा लागत नसे! आणि रविवारी दुपारी बँडस्टँडवर पितळी बँड वाजायचा. त्यात मी ट्रंपेटवाला. एका रविवारी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीचं आइस्क्रीम वितळून हातमोज्यावर ओघळत होतं आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं, इतकी ती ऐकत होती. मी असा काही चुकीचा सूर लावला की बँडमास्तर पुढे वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. ती मुलगी म्हणजे विनी.

तर त्याच बँडस्टँडवर डेस्मंड ट्रबशॉचा डोळा होता. त्याचं समोरच नाणी टाकून खेळायच्या यंत्रांचं दुकान होतं. बँडस्टँड पाडा आणि तिथे गाड्यांसाठी वाहनतळ करा, म्हणजे गिऱ्हाईक थेट दुकानाच्या दारात, हा त्याचा बेत. नगरपालिकेत आमच्या प्रभागाची जागा रिकामी झाली आणि गडी उभा राहिला.

विनीने ते वर्तमानपत्रात वाचलं आणि उकडलेल्या अंड्याचं डोकं असं उडवलं की मी दचकलो.

"सिरिल, डेस्मंडच्या विरोधात मी अर्ज भरणार."

"अगं, पण निवडणूक म्हणजे..."

"बँडस्टँड पाडला ना, तर मी तुझ्याशी का लग्न केलं याचा माझ्याकडे काही पुरावाच उरणार नाही!"

मी प्रचारप्रमुख झालो.

माझा बेत साधा होता. गावातले निम्मे मतदार म्हातारे. त्यांना घरून उचलायचं, चर्चच्या हॉलमधल्या मतदान केंद्रावर पोचवायचं आणि परत सोडायचं. आमच्या गाडीत बसलेला माणूस दुसऱ्याला मत देईलच कसा? माझ्या खुर्च्यांच्या टेम्पोत मी मागे आरामखुर्च्या मांडल्या, दाराला विनीच्या हिरव्या फितींचं फूल लावलं आणि गुरुवारी सकाळी निघालो. वाटेत प्रत्येकाला शिकवणी!

"हे बघा, नावापुढे फुली मारायची. बस्स! नाव नाही, पत्ता नाही, 'कळावे' नाही, 'लोभ असावा' नाही. मत कुणाचं ते ओळखू येईल असं एक अक्षर जरी लिहिलं तरी मत बाद!"

"आणि डेस्मंडबद्दल दोन शब्द लिहायचे असले तर?" एका आजोबांनी विचारलं.

"ते तोंडाने म्हणा, आजोबा."

दुपारी समुद्राच्या रस्त्यावर ट्रबशॉबाई दिसल्या. डेस्मंडची आई. काठी टेकत, वाऱ्याशी झुंजत चालल्या होत्या. मी टेम्पो थांबवला.

"डेस्मंड नाही आला न्यायला?"

"तो भोंगा लावून मतं मागत फिरतोय. सकाळपासून माझ्या दारावरून कितीदा गेला, म्हणतो, 'ट्रबशॉला मत द्या!' थांबला मात्र नाही एकदाही."

शत्रूची असली तरी आईच ती! मी त्यांना टेम्पोत बसवलं. वळणावर एक कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक मारला आणि मागे खाट् आवाज झाला. पाहतो तर आरामखुर्ची मिटलेली आणि ट्रबशॉबाई तिच्यात! दोन्ही बाजूंनी फक्त बूट आणि टोपी. मी घामाघूम होऊन ती उघडत होतो आणि आतून त्या म्हणत होत्या, "पंचवीस साली बँडस्टँडवर माझ्या नवऱ्यानेही मला असंच खुर्चीत मिटवलं होतं रे!"

मतदान केंद्राच्या दारात विनी उभी होती. तिने बाईंना माझ्या हाताला धरून उतरताना पाहिलं.

"सिरिल! तू डेस्मंडची मतं वाहून आणतोयस?"

"अगं, सौजन्य म्हणून..."

"सौजन्य उद्या दाखव!"

सगळ्यांची मतं टाकून झाल्यावरच मी शेवटी माझं टाकायला आत गेलो. दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली. मतपत्रिकेवर छापलेलं होतं, 'विनिफ्रेड रोझ थर्लो'. तिचं पूर्ण नाव असं छापलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. घरी ती नुसती विनी. आणि काय सांगू, मला एकदम ते हातमोज्यावर ओघळणारं आइस्क्रीम दिसलं. बाहेर कुणीतरी खाकरलं, मी डोळे पुसले, पत्रिका घडी करून पेटीत टाकली आणि बाहेर आलो.

शुक्रवारी सकाळी सभागृहात मतमोजणी. निवडणूक अधिकारी पेनफोल्डसाहेब, गळ्यात टाय, चेहऱ्यावर इस्त्री. एका बाजूला डेस्मंड, दुसऱ्या बाजूला विनी आणि मी. शुभशकुन म्हणून मी माझी बँडची जुनी टोपी डोक्यावर घालून आलो होतो. ट्रबशॉबाई डेस्मंडच्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या आणि कोपऱ्यात विणकाम करत बसल्या होत्या.

मोजून झालं. आणि मतं बरोबर सारखी! पुन्हा मोजली. पुन्हा सारखी! सभागृहात कुजबुज सुरू झाली. आता उरल्या होत्या दोन संशयास्पद मतपत्रिका. नियमाप्रमाणे त्या दोन्ही बाजूंना दाखवायच्या आणि पेनफोल्डसाहेबांनी निर्णय द्यायचा. दोन्हींवर विनीच्या नावापुढे फुली होती. एक जरी धरली तरी विनी जिंकली!

पहिली पत्रिका त्यांनी उचलून वाचली.

"फुली थर्लोबाईंच्या नावापुढे. खाली लिहिलंय, 'डेस्मंड, हरलास तर निदान रविवारी जेवायला येशील. आई.'"

डेस्मंडचा चेहरा बीट झाला. "बाद! बाद करा! ही माझी आई आहे!"

मी वकिलासारखा पुढे झालो. "कशावरून? गावात काय एकच डेस्मंड आहे? एकच आई आहे?"

कोपऱ्यातून आवाज आला, "मीच लिहिलंय ते. आणि खरं आहे!"

"बाद," पेनफोल्डसाहेब म्हणाले. त्यांनी दुसरी पत्रिका उचलली, वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "थर्लोसाहेब, तुमचं यावर काय मत?"

मी पाहिलं. माझ्या पायाखालची फरशी सरकली. अक्षर माझं होतं!

"मोठ्याने वाचा की!" डेस्मंड म्हणाला.

पेनफोल्डसाहेबांनी खाकरून वाचलं. "'विनी, तू हरलीस तरी माझ्यासाठी तूच जिंकलीस. तिसऱ्या रांगेतल्या मुलीला, सिरिल.'"

विनीने माझ्याकडे वळून पाहिलं. अशी नजर मी लग्नानंतर पाहिली नव्हती, आणि ती रागाची की कसली हेच मला कळेना.

"हे बघा," मी अडखळत म्हणालो, "गावात दुसरा एखादा सिरिल असू शकतो."

"दुसरा एखादा सिरिल तुमच्या पत्नीला असं लिहीत असेल," पेनफोल्डसाहेब म्हणाले, "तर ते प्रकरण माझ्या अखत्यारीत येत नाही. बाद!"

डेस्मंड पोट धरून हसला. "काल गावभर शिकवण्या कोण देत होतं रे, सिरिल?"

आता बरोबरी. बरोबरी झाली की आमच्याकडे चिठ्ठ्या टाकतात. नावांच्या दोन चिठ्ठ्या एका टोपीत घालायच्या, अधिकाऱ्याने एक काढायची, निघेल तो नगरसेवक. सभागृहात टोपी घालून आलेला पुरुष एकच होता. मी मोठ्या अभिमानाने माझी बँडची टोपी पुढे केली. नियतीच माझ्या बाजूने होती!

पेनफोल्डसाहेबांनी चिठ्ठ्या टाकल्या, टोपी हलवली, डोळे मिटून हात घातला आणि चिठ्ठी काढली.

"विनिफ्रेड रोझ थर्लो!"

टाळ्या! माझ्या टेम्पोतल्या त्या आजोबांनी काठी उंच केली. मी विनीला मिठी मारायला निघालो तेवढ्यात डेस्मंड ओरडला, "दुसरी चिठ्ठी दाखवा!"

टोपी उलटी केली. काही पडलं नाही. झटकली. काही नाही! "लबाडी!" डेस्मंड गरजला. पेनफोल्डसाहेबांनी टोपीच्या फाटक्या अस्तरात बोट घातलं आणि आतून डेस्मंडची चिठ्ठी निघाली. तिला एक पेपरमिंटची गोळी घट्ट चिकटली होती. बँड वाजवताना घशाला म्हणून मी ठेवायचो, ती. कुठल्या सालची कोण जाणे!

"हात पोचला नसता अशा जागी चिठ्ठी होती. ही सोडत रद्द," साहेबांनी निकाल दिला.

बिस्किटांचा डबा आला. पुन्हा सोडत. यावेळी चिठ्ठी निघाली, 'डेस्मंड ट्रबशॉ'.

विनीला मी एकाच सकाळी दोनदा हरवलं होतं! एकदा पेन्सिलीने आणि एकदा टोपीने. बँडस्टँड गेला. मला तिच्याकडे बघवेना.

डेस्मंड भाषणाला उभा राहिला. रीतीप्रमाणे त्याने निवडणूक अधिकाऱ्यांचे आभार मानले, पोलिसांचे आभार मानले, "आणि आता आपला वाहनतळ..." असं म्हणाला मात्र, कोपऱ्यात विणकामाच्या सुया थांबल्या.

"डेस्मंड."

"आई, लोक बघतायत!"

"बघू देत. तुझा बाप त्या बँडस्टँडवर ढोल बडवायचा. त्या ढोलामागे बसून त्याने मला लग्नाचं विचारलं. तो बँडस्टँड पाडलास तर रविवारी काय, नाताळलासुद्धा माझ्या दारात येऊ नकोस!"

डेस्मंडने भाषणाचा कागद खिशात घातला. "आणि आता आपला वाहनतळ," तो म्हणाला, "रेल्वे स्टेशनच्या मागे होईल."

सगळ्यांत मोठ्या टाळ्या आमच्याच बाजूने पडल्या. बँडस्टँड वाचला! खरं सांगतो, मला तिथेच रडू फुटलं.

विनी मात्र सरळ पेनफोल्डसाहेबांकडे गेली. "ती बाद पत्रिका मला घरी नेता येईल का हो?"

"नाही, बाई. मोहोरबंद ठेवून नंतर नष्ट करायची असते. कायदा आहे."

घरी जाताना समुद्राच्या वाऱ्यात ती माझ्यापुढे झपाझप चालत होती. बँडस्टँडशी आल्यावर थांबली.

"सिरिल, इतकी वर्षं झाली, हे मला घरी का नाही कधी लिहिलंस?"

"घरी पेन्सिल दोरीला बांधलेली नसते ना. सापडतच नाही!"

ती हसली. मग म्हणाली, "घरी गेल्यावर ते पुन्हा लिहून द्यायचं. शब्दन् शब्द. आणि दरवर्षी द्यायचं!"

आता गावात आगगाडीने फारसं कुणी येत नाही, खुर्च्यांचा धंदा कधीच बंद झाला, ट्रबशॉबाईही गेल्या. पण बँडस्टँड आहे. दरवर्षी निवडणुकीचा तो दिवस आला की आम्ही दोघं तिथे घडीच्या खुर्च्या टाकून बसतो, ती आइस्क्रीम खाते आणि मी मुकाट्याने लिहून देतो. मागच्या वर्षी घाईत खाली माझं नाव टाकायचं राहिलं. विनीने कागद चष्म्याजवळ नेऊन नीट तपासला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"सही नाही. बाद!"