परस्पर-पादस्पर्शासन: पायऱ्या, पात्रता व लाभ

या, जवळ सरका. पंख्याखालची जागा सोडवत नसेल तर तिथूनच ऐका, पण कान इकडे असू द्या. देवपूरच्या सुकदेव आबांची गोष्ट आहे, आणि ती ऐकल्यावर कंबरेला गुण येतो असा अनुभव आहे (लेखी हमी नाही).

मनुष्यदेहाला वाकण्याची सोय जन्मतःच दिलेली आहे. वापर ऐच्छिक आहे.

आबांनी ती सोय बेताने वापरली आणि सत्तरीत ती गंजली. गुडघे मिटेनात, कंबर वळेना. त्यामुळे गल्लीतल्या मंदिरात कीर्तनाच्या वेळी त्यांना सतरंजीवरून उठवून मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. खुर्ची म्हणजे काय, हे ज्याला कीर्तनाचं वेड आहे त्यालाच कळेल. सतरंजीवर बुवांच्या कपाळाचा घाम दिसतो, मृदंगाची थाप मांडीत उतरते. खुर्चीवर नुसतं ऐकायचं, तेही अर्धंमुर्धं, आणि पाठीमागे चपलांचा ढीग. येत्या सप्त्यात पुन्हा सतरंजीवर बसायचं, एवढंच आबांना हवं होतं.

म्हणून ते अखिल सरांच्या योगवर्गात गेले. सर कापडवाल्या घरातले, स्वभावाने गरीब. पाटीवर ‘सुलभ योग’ होतं तेव्हा वर्गाला त्यांच्या आजी सुगनबाई तेवढ्या येत, त्याही नातवाला वाईट वाटू नये म्हणून. ‘सुलभ’ पुसून ‘अवघड’ लिहिलं, आणि दाराशी चपला काढायला जागा उरली नाही. मयूरासनाने पचन सुधारतं, शीर्षासनाने बुद्धी तल्लख होते आणि दोन्हींचे फोटो चांगले येतात, असे लाभ पाटीवरच दिलेले होते. (तिसरा लाभ सर्वांत आधी मिळतो. काहींना तो आसन जमण्याच्याही आधी मिळाला आहे.)

पहिल्या दिवशी सर म्हणाले, “आबा, सावकाश वाका आणि पायाला हात लावा.”

“कोणाच्या?”

“तुमच्याच.”

आबांच्या गळ्यात तुळशीची माळ. ते विचारात पडले. “मी मनाच पाया पडू? इतला मोठा मी नही शे, सर.”

आणि त्यांनी समोर दिसले ते, म्हणजे सरांचे, पाय धरले. आजोबांच्या वयाचा माणूस पाया पडतोय म्हटल्यावर सर शरमून आबांच्या पायांवर वाकले. आता माळकऱ्यांची रीत अशी की समोरचा वाकला की आपणही वाकायचं. आबा वाकले. सर पुन्हा शरमले. हे असं चालू राहिलं, ते सुगनबाईंनी “पुरे करा आता, चहा निवला,” म्हणेपर्यंत. मध्येच आबांच्या कंबरेतून असा आवाज आला की दोघा-तिघांनी आपले मोबाईल तपासले. आबा सरळ झाले ते हसतच. कंबर सुटली होती.

शास्त्राचा जन्म असाच होतो. सदर क्रियेस ‘परस्पर-पादस्पर्शासन’ हे नाव देण्यात आलं. ज्याच्या पाया पडलं जातं त्याची पाठ आपोआप ताठ होते, हा दुसरा लाभ ध्यानात येताच पाया पडून घेणाऱ्यांच्या रांगेसाठी ढकलाढकली होऊ लागली. मग सरांनी सगळ्यांना गोलात उभं केलं. गोलात जो तो महाराज, त्यामुळे तंटा नाही.

पुढे आसनाच्या पायऱ्या ठरल्या. पहिली पायरी आई-वडील व गुरुजनांची (हात गुडघ्यापर्यंतच नेण्याची नव्या पिढीस सवलत). दुसरी शेजाऱ्यांची. तिसरी वयाने लहान माणसांची. ‘सासूने सुनेच्या’ हे उदाहरण दिल्यापासून महिलांची तुकडी दिसली नाही. चौथी, अतिअवघड पायरी अशी, की ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे त्याच्या पाया पडायचं. ही जाहीर होताच वर्गातल्या बहुतेकांना जुनी स्लिप डिस्क आठवली.

आबांना भिकन नाना आठवले. नाना त्यांचे चुलतभाऊ. सप्त्यात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि देताघेताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. एका सप्त्यात आबा चहाला गेले ते उशिरा परतले. ताटकळलेल्या नानांनी वीणा हातात दिली, “चहा गोड व्हता का?” एवढं विचारलं आणि पाया न पडताच निघून गेले. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या वाकण्याची वाट पाहत होते. (मोठा कोण, यावर भाऊबंदांत दोन मतं आहेत. त्यामुळे वाट लांबली.)

सप्ता आला. सतरंजीवर पहिल्या रांगेत एकच जागा मोकळी होती, नानांच्या शेजारची. बुवा यायचे होते, नाना उभेच होते. शेजाऱ्याच्या पाया पडल्याशिवाय तिथे बसायची रीत नाही.

आबा वाकले. हात गुडघ्याखाली गेला, पोटरीखाली गेला आणि पावलांच्या चार बोटं वर थांबला. कंबर अजून जात होती. आबा जात नव्हते.

पण समोरचा वाकलेला पाहून नानाही सवयीने वाकले. ते योगवर्गाला गेलेले नव्हते. डोक्याला डोकं आपटलं आणि नाना तिथेच अडकले.

“ऊठ ना आता,” आबा म्हणाले.

“तू ऊठ. मनी कंबर धराई गयी.”

“योगवर्गले येत जाय.”

“तू जास ना? मंग तुना हात वरच का थांबना?”

आबांनी नानांच्या पावलांकडे पाहिलं. मग म्हणाले, “चहा गोड व्हता रे.” आणि उरलेली चार बोटं खाली गेली.

दारातून आत येणाऱ्या बुवांना ही गळाभेट वाटली. त्यांनी तिथूनच गजर सुरू केला. गजर संपल्यावर चौघांनी नानांना तशाच आकारात उचलून मागच्या खुर्चीवर नेलं. सतरंजीवरची जागा आता आबांची होती. आबा तिच्याकडे एकदा बघून खुर्चीवर जाऊन बसले, नानांच्या शेजारी. तिथून नीट ऐकू येत नव्हतं. जे ऐकू येई ते नाना आबांच्या कानात सांगत, आणि इतक्या मोठ्याने सांगत की पुढचे लोक वळून पाहत.

सरांनी चौथी पायरी सुरक्षेच्या कारणास्तव तूर्त बंद ठेवली आहे.

आता तुमचं. गोष्ट ऐकताना तुम्हालाही एक माणूस आठवला. नाही म्हणू नका. आठवला तेव्हा तुम्ही जरा सावरून बसलात, ते दिसलं. त्याची आठवण ठेवा, एवढीच विनंती. कंबर तर तुमची अजून चांगली दिसते.