सतरावा शिकारी

धोराळीच्या वाळवंटातल्या कातळचित्रातला सतरावा शिकारी एक दिवस खडकावरून उतरून निघून गेला. त्याच्या जागी माणसाएवढा कोरा डाग उरला. बारा दिवसांनी बातमीसाठी मी तिथे पोचलो तेव्हा पुरातत्त्व विभागाचे अधीक्षक सबनीस वार्षिक मोजणी करत होते. कागदावर सतरा, तर खडकावर सतरा. एवढंच त्यांना कळत होतं.

"सोळाच भरतात. खेताराम, कुठे गेला तो?"

"साहेब, पाच हजार वर्षं एकाच हरणामागे धावत होता. कंटाळला असेल."

राखणदार खेताराम एकतीस वर्षं मराठी साहेबांची मराठी ऐकून तशीच बोलायला लागला होता. महिनाअखेरीस निवृत्त होऊन तो मुलीकडे, तळ्याकाठच्या गावी जाणार होता. ट्रंक बांधून तयार होती.

"चौकशी संपेपर्यंत सोडता येणार नाही," सबनीस म्हणाले.

साक्षीदार एकच होती, खडकासमोरची दुपानी. या झाडाला जन्मभर दोनच पानं, तीच हजार वर्षं वाढत राहतात. सबनीसांनी तिच्यापुढे खुर्ची टाकून प्रश्न वाचून दाखवला. 'हो' म्हणायला दुपानी डावं पान हलवते. त्याला चाळीस वर्षं लागतात.

"आणि 'नाही' म्हणायला?" मी विचारलं.

"उजवं पान. ते जरा मंद आहे."

"तोवर हा माणूस जगेल का?"

"तो त्यांचा खाजगी प्रश्न. माझ्याकडे उद्या वरून तपासणी आहे."

त्यांनी कोऱ्या डागाकडे पाहिलं, मग खेतारामकडे. उंची जुळत होती.

"तात्पुरतं," ते म्हणाले. "चष्मा काढा. तेव्हा चष्मे नव्हते."

खेतारामने चष्मा माझ्या हातात दिला. "मुलीला सांगा, जेवायला थांबू नको." खडकावर चढून तो म्हणाला, "साहेब, हरीण दिसत नाही."

"अंदाजाने धरा भाला."

तपासणीत सतरा भरले. माझी बातमी छापून आली. विभागाने खुलासा पाठवला की संख्या बरोबर आहे. सबनीसांना बढती मिळाली, अशांना मिळतेच.

दोन महिन्यांनी मी पुन्हा गेलो. शिकारी परत आला होता. त्याची जागा भरलेली होती आणि राखणदाराची रिकामी, म्हणून त्याने रीतसर अर्ज केला होता. खाकी टोपी घालून तो दुपानीला पाणी घालत होता.

"खेतारामला उतरू दे," मी म्हणालो.

"मग सोळा होतील."

मी खिशातून चष्मा काढून खडकाकडे निघालो. त्याने मला अडवलं.

"चित्राला बाहेरची वस्तू लावायला मनाई आहे."

वर खेताराम भाला उगारून उभा होता. नेम हरणापासून हातभर चुकला होता.