बादलीतला समुद्र

"समुद्राला मी घाबरत नाही, समुद्रच मला घाबरतो!" असं डॉक्टर चारचौघांत छाती काढून सांगायचे. हे औषधं देणारे डॉक्टर नव्हेत. समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगणारे इवलेसे जीव, म्हणजे प्राणिप्लवक, कुठे किती आणि कुठल्या जातीचे आहेत हे शोधण्यात त्यांची उमर गेली होती. पण तो सगळा समुद्र त्यांनी काचेखाली पाहिलेला! नावेत पाय ठेवला की गडी भिजलेल्या मांजरासारखा दिसायचा.

आणि बायको? पट्टीची पोहणारी! बंदरापासून दीपगृहाला वळसा घालून परत यायच्या स्पर्धेसाठी ती वर्षभर घाम गाळत होती.

स्पर्धेच्या वाटेवरचं पाणी तपासा, असं डॉक्टरांच्या संस्थेच्या संचालकांनी फर्मान काढलं. स्वतःचे बूट ओले न करणाऱ्यांना फर्मानं फार छान जमतात! स्पर्धेच्या आदल्या दिवशी डॉक्टर नावेत चढले ते हातात भरलेली बादली घेऊनच.

नावाडी हसला. "साहेब, समुद्रात समुद्राचं पाणी घेऊन निघालात?"

"शास्त्र आहे हे! तू नाव हाक!"

शास्त्र कसलं डोंबलाचं! तलम कापडाचं जाळं नावेमागे ओढायचं, वर घेतलं की समुद्राचं पाणी बाहेरून मारून धुवायचं, म्हणजे कापडाला चिकटलेले जीव जाळ्याच्या शेपटाला बांधलेल्या बरणीत उतरतात. पण पाणी काढायचं म्हणजे काठावरून वाकणं आलं. वाकणार कोण? डॉक्टरांनी प्रयोगशाळेतून निघताना टाकीखाली आयती भरलेली बादली उचलली होती. प्रत्येक ठिकाणी नावेच्या मधोमध बसून ते बादलीतलं पाणी तांब्याने जाळ्याच्या तोंडातच ओतत राहिले.

स्पर्धेच्या सकाळी प्रयोगशाळेत त्यांनी पहिल्या ठिकाणच्या नमुन्याच्या बाटलीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यांची बोबडीच वळली. डंख मारणाऱ्या जेलीफिशची पिल्लं! टाचणीच्या डोक्याएवढी, दोरे सोडून धडधडणारी! दुसरी बाटली उघडली, तीच. दीपगृहाजवळची उघडली, त्यातही तीच! सगळी वाट व्यापलेली!

त्यांनी बायकोला फोन लावला. उचलला सासूबाईंनी.

"जावईबापू, ती उतरली की पाण्यात! लाल टोपी घातलीय, शोभून दिसतेय हो!"

डॉक्टर चपला विसरून धावत सुटले. मागून विभागप्रमुख बाई ओरडल्या, "अहो, झालं काय?" पण ऐकतंय कोण!

किनाऱ्यावर त्यांनी पंचांच्या हातातला भोंगा हिसकावला. "बाहेर या! पाण्यात डंख आहेत! अंगाची आग होईल! श्वास कोंडेल!"

पोहणारे एकदम उलटे फिरले. एकाने मांडी खाजवली, दुसऱ्याने मान, आणि पाहता पाहता अख्खा किनारा अंग ओरबाडू लागला! पंच पाण्याला शिवलेही नव्हते, तरी सदरा काढून नाचत होते. सासूबाई तर वाळूत पाठ घासत होत्या.

"आई, तुम्ही पाण्यात गेलाच नाहीत!"

"वाऱ्याने आलं असेल! तुम्ही आधी माझ्या पोरीला बाहेर काढा!"

पोर बाहेर येत नव्हती. कानात बोळे घातलेले, तिला भोंगा ऐकू जाईना. लाल टोपी वर यायची, बुडायची, पुन्हा वर. नावाडी वल्ही मारत तिच्याकडे निघाला. डॉक्टर गुडघाभर पाण्यात शिरले, किंचाळले, बाहेर आले. पुन्हा शिरले. टोपी दीपगृहाच्या खडकामागे गेली. गेली ती गेलीच. पहिल्यांदाच डॉक्टरांना स्वतःच्या खाजेचा विसर पडला.

"मला पोहता येत नाही हो," ते सासूबाईंना म्हणाले. आवाज असा, की सासूबाईंनी त्यांचा हातच धरला.

तेवढ्यात विभागप्रमुख बाई बाटली घेऊन धापा टाकत आल्या.

"डॉक्टर, या पिल्लांच्या शेजारी काय पोहतंय पाहिलंत का? मिठागरातली कोळंबी! ती उघड्या समुद्रात राहतच नाही. आपण टाकीतल्या जेलींना खायला घालतो ती! जाळं कसल्या पाण्याने धुतलंत?"

"बादलीतल्या."

"कुठल्या बादलीतल्या?"

"टाकीखालच्या."

"अहो, टाकी साफ करताना त्या बादलीत जेलींची पिल्लं काढून ठेवली होती मी! शोधतेय कालपासून! आणि जाळं बाहेरून धुतलं असतंत, तर कापडानेच ती अडवली नसती का?"

डॉक्टरांनी समुद्राकडे पाहिलं. समुद्र काही बोलला नाही. माणसं मात्र भरपूर बोलली! ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

खडकामागून लाल टोपी निघाली. डॉक्टरांनी सासूबाईंचा हात सोडला. नावाडी हातवारे करत होता, ती मासोळीसारखी सपासप येत होती. बाहेर येऊन तिने कानातले बोळे काढले.

"पहिली आले!"

"एकटीच आलीस," पंच सदरा शोधत म्हणाले. "स्पर्धा रद्द. नवऱ्याला विचार."

तिने विचारलं. सगळं ऐकून घेतलं. टोपी पिळली, ती डॉक्टरांच्याच डोक्यावर.

"पुढच्या रविवारी स्पर्धा पुन्हा होईल," ती म्हणाली, "आणि आदल्या दिवशी तू नावेतून पाणी काढशील. वाकून! मी कमरेला धरीन."

डॉक्टरांनी एकवार लाटांकडे पाहिलं आणि जोरात दंड खाजवला.

"अगं, मला वाटतं, मला खरंच काहीतरी चावलंय."