प्लास्टिकच्या गवताला पाणी

भर दुपारी संतरामने प्लास्टिकच्या गवतावर अनवाणी पाय ठेवला आणि "आयो, मेलो!" करत तो टुणकन पायरीवर येऊन उभा राहिला. पायरीवर मफिन आधीच बसलेला होता. सकाळपासून मी तरी दुसरं काय सांगतोय, अशा नजरेने त्याने संतरामकडे पाहिलं.

मफिन म्हणजे संतरामच्या लेकीचा, प्रियंकाचा कुत्रा. पांढराशुभ्र, केसाळ आणि पुण्यात वाढलेला. नव्या घरमालकाला कुत्रा चालेना, तेव्हा दुसरी खोली मिळेपर्यंत म्हणून तिने त्याला गावी, डोंगरकड्याला आईबापाकडे आणून सोडलं. सोबत कुत्र्याची गादी, कुत्र्याचा कंगवा आणि गुंडाळी केलेलं हे हिरवंगार गवत. त्याला मातीची सवय नाही म्हणे! आपल्या सारवलेल्या अंगणात ते अंथरलेलं बघून अनुसयाबाईने कपाळावर हात मारून घेतला होता.

"वावरातलं गवत उपटता उपटता माझी जिंदगी गेली, अन् लेकीनं पुण्यावरून गवतच आणलं!"

कुत्र्याचं नाव तिने पहिल्याच दिवशी 'मफलर' करून टाकलं.

आता प्रियंकाला खोली मिळाली होती. सकाळीच तिचा फोन आला. "बापू, तिकडे फार ऊन आहे. मफिन गवतावर बसतो ना? मी रविवारी येते. नीट बसत असेल तर राहू दे, नाहीतर घेऊन जाते."

"बसतो म्हंजे? लोळून राहिला दिवसभर!" संतरामने ठोकून दिलं. कुत्रा जावा असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. घरात नवराबायको दोघंच, आणि बोलायचं ते सगळं केव्हाच बोलून झालेलं. संध्याकाळी वावरातून आलं की कुणीतरी फाटकापर्यंत धावत येतं, पायात घोटाळतं, याची त्याला सवय लागून गेली होती. खरं सांगायचं तर जीव जडला होता.

"नेऊ द्या की तिला," अनुसयाबाई भांडी आपटत म्हणाली. "माझ्यामागची ब्याद टळंल. दूध पेतो ते पेतो, वरून भाकर कुस्करून लागती साहेबाला!"

संतरामने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने गवतावर ओली पोती टाकली. ती वाळून खडखडीत झाली. वर हिरवी जाळी बांधली. दुपारच्या वावटळीने ती उचलून शेजारच्या भिकाबाईच्या लिंबावर नेऊन अडकवली. शेवटी त्याच्या शेतकरी डोक्यात उजेड पडला. हळदीच्या वावरातला एक स्प्रिंकलर उपटून त्याने अंगणात रोवला आणि घरामागच्या बोअरला जोडून दिला.

भिकाबाई कुंपणावरून डोकावली. "काय करून राहिले, भाऊजी?"

"गवताला पाणी देऊन राहिलो."

"प्लास्टिकच्या?"

"लई तापतंय ते."

"मंग मूठभर युरियाबी फेका की! दिवाळीपातूर दोन कापण्या व्हतील."

हसू दे लेकाची! गवत गार झालं होतं. मफिन त्याच्यावर चक्क उताणा पडला. संतरामला रविवारची काळजी उरली नाही.

पण रविवारी गवत भिजवायची वेळ झाली आणि लाइट गेली. संतरामने सवयीप्रमाणे मोटर 'ऑटो'वर टाकली. वावरात तो हेच करायचा. लाइट आली की मोटर आपोआप चालू. मग गाडी काढून तो प्रियंकाला आणायला फाट्यावर गेला. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नाही. वावरात पाणी जास्त झालं तर जमीन पिते. प्लास्टिक काय पिणार?

बापलेक परत आले तेव्हा लाइट केव्हाचीच आलेली होती. अंगणाचं तळं झालं होतं. गवत पाण्यावर तरंगत होतं, वर स्प्रिंकलर गरगर फिरत होता, आणि कुंपणापलीकडून भिकाबाई ओरडत होती, "अवो भाऊजी, बंद करा ना ते! माझ्या चुलीत पाणी शिरलं!"

संतरामने धावत जाऊन मोटर बंद केली.

"मफिन कुठेय?" प्रियंकाने इकडेतिकडे बघत विचारलं.

मफिन कुठेच नव्हता. हाका झाल्या, शिट्ट्या झाल्या. मग भिकाबाईच्या अंगणातून, हळद पॉलिश करायच्या ड्रमखालून एक प्राणी बाहेर आला. पाण्याला भिऊन तो तिथे शिरला असणार आणि ओल्या अंगाने तिथल्या भुकटीत मनसोक्त लोळलाही असणार. शेपटीपासून नाकापर्यंत पिवळाधमक! दोनच डोळे तेवढे ओळखीचे.

"बापू!" प्रियंका किंचाळली. "असा सांभाळता तुम्ही? आजच्याच गाडीने नेते मी त्याला!"

तेवढ्यात गिरणीवरून दळण घेऊन परतलेल्या अनुसयाबाईने डबा खाली ठेवून कुत्रा उचलला. "आण इकडं. मी धुते त्याला." ती त्याला काखेत मारून घरात गेली आणि बऱ्याच वेळाने तसाच पिवळा घेऊन बाहेर आली.

"निघंना," ती म्हणाली. "अन् आता त्याला नेता येणार न्हाई."

"काहून?" चिडलेली प्रियंकाही गावचं बोलून गेली.

"हळद लागली त्याला. हळदीच्या अंगानं गावाची शीव वलांडू देत न्हाईत. नजर लागती."

"माय, कुत्रा आहे तो!"

"मंग? नवरदेव तरी त्या येळंला कुठं शुद्धीवर असतेत?"

कुंपणावर भिकाबाईला हसू आवरेना. "अन् ही डोंगरकड्याची हळद हाय, पोरी! पोळ्याच्या आत उतरली तर नाव बदलीन!"

तेवढ्यात मफिन अनुसयाबाईच्या काखेतून निसटला आणि गवताला वळसा घालून थेट ओट्यावरच्या माठाच्या तिवईखाली जाऊन पसरला. तिथल्या ओलसर मातीवर दुहेरी घडीचं पोतं अंथरलेलं होतं. पोत्यावर पांढरे केस होते, पुष्कळ दिवसांचे. संतराम बघतच राहिला. तो दिवसभर वावरात असायचा. त्याला याचा पत्ताच नव्हता.

"हे कोणी अंथरलं?" प्रियंकाने विचारलं.

"मला काय म्हाईत," अनुसयाबाई म्हणाली.

प्रियंकाने पोत्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, चिखलात उभ्या असलेल्या बापाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. "राहू द्या," ती म्हणाली. "हळद उतरेपर्यंत राहू द्या."

ती हातपाय धुवायला आत गेली. संतराम माठापाशी उकिडवा बसला आणि त्याने मफिनच्या डोळ्यांवर आलेले केस मायेने मागे सारले. कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. टिळ्यावर तांदळाचे दाणे चिकटवलेले होते.

ड्रमखाली हळद असते, हे संतरामला ठाऊक होतं. कुंकू नसतं.

त्याने मान वर केली. अनुसयाबाईने लाल झालेलं बोट पटकन पदराखाली घेतलं.

"काय बघून राहिले?" ती फणकारली. "उठा, भाकर कुस्करा. नवरदेव उपाशी हाय."