अण्णांचा रिकामा कॅमेरा

आमच्या शेजारचे सुधाकरअण्णा फोटो काढायला लागले, की पहिली दहा मिनिटं कॅमेऱ्यात रोलच नसतो. खटाखट बटण दाबतात, वर "वा, छान!" म्हणतात. त्यांचं म्हणणं असं, "माणूस आधी फोटोचा चेहरा करतो. तो संपला की खरा येतो. मग रोल भरायचा."

फ्लॅशचं नाव काढलं, तर अंगावर येतात. रोल ठेवतात फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी. चहाला गेलात, तर हनुवटी धरून तुम्हाला खिडकीच्या उजेडाकडे वळवतात. कुणी कटकट केलीच, तर उत्तर ठरलेलं: "घाई असेल तर मोबाइल आहे."

माझी मुलगी मुक्ता जुन्या पैठण्यांची जॅकेटं शिवते. पहिल्या प्रदर्शनासाठी फोटो हवे होते आणि ते अण्णांनीच काढावेत, असा तिचा हट्ट. सकाळी सातला आम्ही गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, हजर. आभाळ भरलेलं. अण्णा घाटाच्या पायरीवर निवांत शेंगदाणे खात बसले. तासाभराने ऊन आलं. मुक्ता आधी अवघडली, मग कशालाशी खळखळून हसली. अण्णा रोल भरायला खाली बसले आणि ऊन गेलं ते गेलंच.

मी भडकलो. "अण्णा, हसू वाया घालवलंत! आधीच भरला असता रोल, तर काय बिघडलं असतं?"

मला वाटलं, आता ते मोबाइलचं ठरलेलं उत्तर येणार. पण त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला.

"कुमुदचंही असंच झालं," ते म्हणाले. कुमुदकाकू म्हणजे त्यांची बायको. आम्ही इथे राहायला यायच्या आधीच गेलेली. "पैठणी नेसून इथंच उभी होती. हसली, तेव्हा कॅमेरा रिकामा. मग ढग आले. म्हणाली, राहू द्या, पुढच्या रविवारी काढू. पुढचा रविवार दवाखान्यात गेला."

"मग सवय का नाही मोडलीत?" मुक्ताने विचारलं.

"मोडली असती, तर तेव्हा चुकलो हे कबूल करावं लागलं असतं ना, पोरी."

मला माझ्या तोंडाळपणाची लाज वाटली.

दोन दिवसांनी अण्णा दारात उभे. हातात मलमलच्या फडक्यात बांधलेली पैठणी. "लाव कात्री. पेटीत ठेवून काय करू? उन्हात जाऊ दे तिला."

मुक्ताने जॅकेट शिवलं, पदरावरचे मोर पाठीवर घेतले. रविवारी पुन्हा गंगेवर गेलो. ऊन स्वच्छ होतं. अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"आधी रिकामाच ना?" मी चिडवलं.

"नाही. घरूनच भरून आणलाय."

मुक्ता अजून फोटोचाच चेहरा करत होती. तरी त्यांनी बटण दाबलं.