एक दवाखाना, दोन भूमिपूजने आणि डिसेंबरातली वीज

रविवार, दिनांक ७ डिसेंबर रोजी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी जांभूळहट्टी येथील शाळेच्या पटांगणात खोटे ऐकण्यासाठी चारशे बारा माणसे जमली होती. सहा वाजून चाळीस मिनिटांनी ओढ्यापलीकडच्या मुत्तलकोप्प या गावी तेच खोटे कन्नडमधून ऐकण्यासाठी तीनशे अठ्ठ्याऐंशी माणसे जमली. त्यांपैकी दोनशे सत्त्याण्णव माणसे दोन्ही ठिकाणी तीच होती. (दुसऱ्या सभेत मिरची भजी होती. हा घटक वेगळा काढण्याची शास्त्रीय पद्धत अद्याप उपलब्ध नाही.)

लोकशाहीची काळजी वाहणाऱ्या मंडळींचा असा समज असतो की पुढारी मतदाराला फसवतो. हा समज मतदाराची मानहानी करणारा आहे. फसवण्यासाठी समोरच्याला खरे काय ते ठाऊक नसावे लागते, आणि बेळगावच्या आसपास ही सोय कोणत्याही पुढाऱ्याला उपलब्ध नाही. इथला माणूस भांडतो मराठीत, अर्ज करतो कन्नडमध्ये आणि थोडी घेतली की हिंदीत बोलतो. त्यामुळे एका भाषेत दिलेला शब्द दुसऱ्या भाषेत लपवता येत नाही. अशा प्रतिकूल परिस्थितीत जोतिबा आप्पांनी दहा वर्षे जे कार्य केले, त्याचे मूल्यमापन व्हावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

जोतिबा आप्पा हे आमच्या ग्रामपंचायतीचे दोन वेळचे सदस्य आणि याही निवडणुकीत उमेदवार. जांभूळहट्टी आणि मुत्तलकोप्प मिळून एकच वॉर्ड आणि वॉर्डात एकच जागा. शासनाने पंचायतीसाठी एक गुरांचा दवाखाना मंजूर केला आहे; पंचायतीने फक्त जागा दाखवायची आहे. आप्पांनी ती दाखवली. जांभूळहट्टीला जांभूळहट्टीत दाखवली आणि मुत्तलकोप्पला मुत्तलकोप्पमध्ये. दोन्हीकडे भूमिपूजन झाले, दोन्हीकडे नारळ फुटले. जांभूळहट्टीच्या कोनशिलेवर हल्ली कोयत्यांना धार लावतात. मुत्तलकोप्पची कोनशिला पानपट्टीची पायरी झाली आहे. शासकीय कोनशिलेचा इतका नियमित उपयोग तालुक्यात इतरत्र होत असल्याचे ऐकिवात नाही.

त्या रविवारी आप्पा जांभूळहट्टीत म्हणाले, "दवाखाना हुईल तर हितंच हुईल. वड्याच्या पलीकडं एक वीट गेली तर जोतिबा नाव लावनार न्हाय!" दीड तासाने पलीकडे जाऊन म्हणाले, "आस्पत्री आद्र इल्ले आगतैति." म्हणजे तेच, ओढ्यापलीकडच्या विटेसकट. भाषांतर अतिशय अचूक होते. 'इथेच' आणि 'पलीकडे' हे दोन्ही शब्द कायम होते. फक्त वक्ता पुलावरून चालत आला होता.

मी कारखान्यात ओतीव भाग तपासतो. तिथे असा नियम आहे की, भाग नापास करण्याआधी मापक तपासावे. मतदाराविषयी मत बनवण्याआधी त्यालाही एक संधी देणे न्याय्य होते. म्हणून दोन्ही भाषणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मंगळवारी संध्याकाळी दूध डेअरीच्या दारात, दोन्ही गावांची माणसे किटल्या घेऊन उभी असताना, लागोपाठ वाजवण्यात आली. आवाज स्पष्ट होता. ऐकणाऱ्यांच्या कानांत दोष नव्हता.

"मग?" जांभूळहट्टीचा रवळू म्हणाला. त्याची म्हैस चंद्री गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि दवाखान्याची गरज वॉर्डात कुणाला असलीच तर त्याला आणि त्याच्या बायकोला, मालुबाईला होती. त्या वेळी त्यांच्या घरात दुसरे उत्पन्न म्हणावे असे काही नव्हते.

"ते दोन्हीकडे वेगळे बोलले," मी निदर्शनास आणले.

"म्हाईत हाय की. आमीबी गेलतो तिकडं. भजी गरम हुती."

"मग दवाखाना कुठे होणार?"

"हितं! त्यास्नी फशीवतोय त्यो." रवळूच्या चेहऱ्यावर घरच्या मुलाने परक्या गावात कुस्ती मारल्याचा आनंद होता. "लई चालू मानूस हाय आप्पा. समोरासमोर उबं ऱ्हाऊन त्यांच्या तोंडावर खोटं बोलला बगा. हाय का कुनाची छाती?"

मुत्तलकोप्पचा मायाप्पा शेजारीच उभा होता. त्याने मला हाताला धरून बाजूला घेतले. "इंजनेर आण्णा, तुमी शिकल्याला मानूस. ह्या जांभूळहट्टीवाल्यांना जरा समजावा. लई भोळी मानसं. आप्पा काय बी बोलतो, हे टाळ्या वाजवतात."

"टाळ्या तुम्हीही वाजवल्यात."

"आमच्यात खरं बोलला न्हवं त्यो!"

या चाचणीचा निष्कर्ष असा की असत्य हे नेहमी शेजाऱ्याला उद्देशून असते. श्रोत्याला फक्त ते ऐकण्याचा मान मिळतो.

आता विरोधी उमेदवाराविषयी. पारमिता ही बी.एस्सी. झालेली, डेअरीची सेक्रेटरी. तिने दोन्ही गावांत एकच भाषण केले, आणि तेही त्याच क्रमाने. दवाखाना एकच मंजूर आहे. पुलाजवळ सरकारी जागा मोकळी आहे. दोन्ही गावांहून तिथे चालत दहा मिनिटे लागतात. निवडून आल्यास पहिल्या सभेत ठराव मांडीन. भाषण चार मिनिटांचे. दोन्ही गावांनी ते शांतपणे ऐकले, आणि दहा वर्षांत प्रथमच एका प्रश्नावर दोन्ही गावांचे एकमत झाले.

"म्हंजे आमच्या गावात न्हायच की!" जांभूळहट्टी म्हणाली. मुत्तलकोप्पनेही हेच म्हटले, कन्नडमध्ये.

तिच्याविरुद्ध आणखी एक गंभीर बाब होती. डेअरीत फॅट मोजण्याचे यंत्र आहे आणि पारमिता त्यावर जो आकडा येईल तोच लिहिते. तिच्या आधीचे सेक्रेटरी लग्नकार्यात अर्धा पॉइंट, बाळंतपणात पाव पॉइंट आणि नातेवाइकांना सदासर्वकाळ थोडा वरचा आकडा लावत. पारमिता आल्यापासून आजारपण, लग्न आणि नाते या तिन्हींचा दुधावरील परिणाम पूर्णपणे थांबला आहे. अशा रीतीने जवळजवळ प्रत्येक मतदाराला तिच्या सचोटीचा अनुभव दिवसातून दोन वेळा येत होता. (तिला मत न देण्याची आणखीही कारणे काहींकडे होती. ती त्यांनी उच्चारली नाहीत, आणि जे उच्चारले जात नाही त्याची नोंद निरीक्षणात घेता येत नाही. घेतली तर मग सगळेच नव्याने मोजावे लागेल.)

उलट आप्पांच्या असत्याचा त्रास कुणाला होता? हिशोब सोपा आहे. दोन्ही गावांत मिळून चारचाकी गाड्या एकोणचाळीस आणि दारिद्र्यरेषेच्या वरची कुटुंबे अकरा. वृद्धापवेतन घेणारे एकशे सहा, त्यांपैकी वृद्ध एकसष्ट. पुण्याला नोकरी करणारे सहाजण कागदोपत्री गावातच रोजगार हमीचे चर खणतात. खणकामाची प्रगती चांगली आहे. या सर्व कागदांवर आप्पांचा शब्द आहे. आप्पा ज्या तोंडाने दवाखाना देतात त्याच तोंडाने रवळूच्या थोरल्या भावाला पासष्ट वर्षांचा करतात, आणि त्या भावाने वयाची सत्तावन्न वर्षे अजून पूर्ण केलेली नाहीत. पुढाऱ्याच्या तोंडाला खऱ्या-खोट्याची चाळणी बसवली तर ती दोन्ही बाजूंनी काम करील, ही साधी यांत्रिक गोष्ट आहे. मतदाराला ती समजते. काळजी वाहणाऱ्या मंडळींना समजत नाही.

शुक्रवारी सकाळी चंद्रीला कळा सुरू झाल्या. रेडकू आडवे होते.

रवळूने तालुक्याच्या गावी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर निवडणुकीच्या प्रशिक्षणाला बसले होते. (मतपत्रिकेची घडी आडवी घालावी की उभी, हा विषय त्या वेळी चालू असल्याचे नंतर कळले.) पारमिता डेअरीची गाडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना आणायला एकोणीस किलोमीटर गेली. डॉक्टरांना घेऊन ती परत आली तेव्हा साडेअकरा झाले होते आणि चंद्री अकराला गेली होती. रेडकूही गेले.

आप्पा मात्र पंधरा मिनिटांत आले होते. पांढऱ्या कपड्यांनिशी गोठ्यात शेणात बसले. चंद्रीचे डोके त्यांनी मांडीवर घेतले, आणि ती गेल्यावर रडले. हे रडणे खरे होते. तपासणीच्या दृष्टीने ही बाब गैरसोयीची आहे, तरीही नोंदवणे भाग आहे.

मालुबाई भिंतीला टेकून बसली होती. "आप्पा, दवाखाना अस्ता तर वाचली अस्ती माजी चंद्री."

"व्हय आक्का. वाचली अस्ती." आप्पांनी डोळे पुसले. "म्हनून तर मी परत उबा ऱ्हायलोय."

या वाक्यात काही चूक आहे असे गोठ्यातल्या एकवीस जणांपैकी कुणालाही वाटले नाही.

मग आप्पांनी चंद्रीचे डोके मांडीवरून खाली ठेवले. त्यांनी दाराबाहेर पाहिले. डिसेंबरातले आकाश होते. ढगाचा तुकडाही नव्हता.

"आक्का, मगाशी काय वाजलं गं ते?"

"कुटं काय वाजलं?"

"वर. आभाळात."

"न्हाय बा."

"नीट आठव. म्हस कळा देऊन मेली तर सरकार काय देत न्हाय. वीज पडून मेली तर भरपाई हाय."

मालुबाईने हळूहळू मान वर केली. रवळूला आधी आठवले. "मला वाजल्यावानी वाटलं बगा," तो म्हणाला. त्यानंतर गोठ्यात स्मरणशक्ती झपाट्याने पसरली. जयाबाईंचे डोळे दिपले होते. भावकूला जळका वास आला होता. एकाचा टीव्ही त्याच झटक्यात उडाला होता आणि त्याचीही भरपाई मिळते का, अशी त्याने चौकशी केली. मायाप्पा पलीकडच्या काठावरून धावत आला आणि वीज आपण मुत्तलकोप्पमधून स्पष्ट पाहिली, ती किंचित डावीकडून आली, असे त्याने सांगितले. पंचनाम्याला पाच साक्षीदार लागतात. शहाऐंशी तयार झाले. दोन्ही गावांनी मिळून पाहिलेली ही पहिली वीज होय.

तलाठी आले. त्यांनी आकाशाकडे पाहिले, मग आप्पांकडे, मग त्या शहाऐंशी जणांकडे. आणि पेनाचे टोपण काढले. एका माणसाला न दिसलेली वीज शहाऐंशी जणांना दिसत असेल तर दोष त्या एकाच्या दृष्टीत असण्याची शक्यता जास्त, हे त्यांनी योग्यच ताडले.

एकच कागद कमी होता. म्हैस दुभती असेल तर भरपाई पूर्ण मिळते, आणि तसा दाखला डेअरीने द्यायचा असतो. मालुबाई संध्याकाळी डेअरीत गेली. पारमिता सकाळपासून जेवली नव्हती. तिच्या चपलांना अजून गोठ्यातले शेण होते.

"पोरी, चंद्री दूध देत हुती म्हनून लिव. दोन वळी."

"मावशी, दोन म्हैने झाले ती आटून. तुमीच सांगितलं नव्हं मला?"

"मग? आता सांगतोय की देत हुती."

"मशीनमध्ये नोंद न्हाय मावशी."

"मशीनला काय कळतंय गं? तुला तर कळतंय न्हवं?" मालुबाई काउंटरला धरून उभी होती. "गाव सारं म्हनतंय वीज पडली. तुला दिसली न्हाय?"

"न्हाय दिसली, मावशी."

"मग तुला दिसतंय तरी काय?"

पारमिताने खुर्ची पुढे केली. मालुबाई बसली नाही. पारमिता म्हणाली की सकाळी वेळेत पोचता आले नाही याचे तिला फार वाईट वाटते, की दवाखान्यासाठी दोन्ही गावांच्या सह्यांचा अर्ज ती सोमवारी बेळगावला स्वतः नेऊन देणार आहे, आणि पहिली सही मालुबाईंची असावी.

"अर्जाचं दूध निगतंय व्हय गं?" मालुबाई म्हणाली आणि निघून गेली.

दाखल्याची व्यवस्था आप्पांनी रात्रीपर्यंत दुसरीकडून केली. चंद्री मरणोत्तर दुभती झाली. तिची शेवटची नोंद नऊ लिटरची आहे, आणि फॅट उत्तम आहे.

मतदान २२ तारखेला झाले. मालुबाई रांगेत सर्वांत पुढे होती. निकालाच्या दिवशी तिने आप्पांना ओवाळले, तेव्हा तिच्या गोठ्यात भरपाईच्या भरवशावर उसनवारीने आणलेली दुसरी म्हैस बांधलेली होती. तीही गाभण आहे, आणि तिचे दिवस उन्हाळ्यात भरतात. आप्पांनी तिच्याकडे पाहून जाहीर केले की दवाखाना इथेच होईल. त्यानंतर मिरवणूक पुलावरून पलीकडे गेली. पारमिताने सांगितलेली पुलाजवळची सरकारी जागा लागली तेव्हा फटाके लावण्यासाठी ती थोडा वेळ तिथे थांबली. जागा मोकळी आणि सपाट असल्याने फार सोयीचे झाले.

पारमिताला मते देणारी माणसे कोणती, याचीही तपासणी करण्यात आली. (मतदान गुप्त असते. आमच्याकडे ते संध्याकाळपर्यंत गुप्त असते.) ती सर्व मते नऊ घरांतली आहेत, तिचे स्वतःचे घर धरून. ही घरे अधिक सुशिक्षित आहेत, अधिक प्रामाणिक आहेत किंवा अधिक वर्तमानपत्रे वाचतात, असे दाखवणारा एकही पुरावा मिळाला नाही. त्यांच्यात समान असे एकच आढळले: नऊपैकी एकाही घरात म्हैस नाही, त्यामुळे त्यांचे दूध पारमिताच्या यंत्रावर कधी गेलेले नाही.

एवढे वाचल्यावर वाचक पारमिताच्या बाजूचे झाले असतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मालुबाईचा त्यांना थोडा रागही आला असेल. वाचकांचे मत मी आदरपूर्वक नोंदवून घेतो. त्यांचेही दूध त्या डेअरीत जात नाही.

एकूण मतदान ९११. बाद २३. जोतिबा आप्पा ८४७. पारमिता ४१.