पुढे दुचाकी, मागे हातगाडी

चष्मेवाल्याच्या छोट्या जुन्या मोटारीचे इंजिन एका सकाळी भर चौकात निवर्तले. मोटार त्याला सासऱ्यांकडून मिळालेली, आणि इतकी हलकी की दोघांनी मागून उचलली तर ती कुरकुर न करता तोंड फिरवत असे. तिचे सुटे भाग मिळणे कधीच बंद झाले होते. पण ती भंगारात घालणे शक्य नव्हते. आईला बसची पायरी चढवत नव्हती, आणि नदीपलीकडच्या थोरल्या बहिणीला भेटल्याशिवाय तिचा रविवार मावळत नव्हता.

मेकॅनिकने तोड काढली. चष्मेवाल्याच्या मेहुण्याची मोटरसायकल, त्या मेहुण्याचा पाय मोडल्यापासून, जिन्याखाली धूळ खात होती. तिचे इंजिन मोटारीत बसले, साखळी मागच्या चाकांना जोडली गेली आणि म्हातारी मोटार लग्न ठरल्यासारखी पळू लागली. उणीव एकच. मोटरसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो. मागे जायचे झाले तर उतरून ढकला, हलकीच तर आहे, असे मेकॅनिक म्हणाला.

एवढ्यावर सगळे सुखात होते. पण चष्मेवाला पडला सरळमार्गी. झालेला बदल सरकारला कळवायलाच हवा, असे त्याच्या मनाने घेतले.

"अहो, कुणी विचारलंय का तुम्हाला?" बायको म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तो वाहन कार्यालयात गेलाच. तिथल्या साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि इंजिन हा वाहनाचा आत्मा असतो, असे तत्त्व सांगितले.

"म्हणजे तुमची मोटार वारली. आता जी चालतेय ती मोटरसायकल."

"साहेब, तिला चार चाकं आहेत."

"दोन जादा लावलीत. त्याकडे आम्ही सहानुभूतीने बघतोय."

त्यानुसार सदर वाहनाची 'अतिरिक्त चाके असलेली दुचाकी' अशी नोंद झाली. चालकाने हेल्मेट घालावे. सोबत एकच व्यक्ती न्यावी, तीही हेल्मेटसह आणि चालकाच्या पाठीमागे.

रविवारी चष्मेवाला हेल्मेट घालून मोटारीत बसला. मागे आई, तिच्याही डोक्यावर हेल्मेट. शेजारची सीट कायद्याचा मान राखून रिकामी. बायको बसने आली. नदीवरचा मोठा पूल दुचाकींना बंद असल्यामुळे मायलेकांना लांबचा वळसा पडला आणि बायको आधी पोचली, हे तर त्याहून वाईट झाले. त्या दिवसापासून चष्मेवाल्याच्या ताटात भाजी पडे, शब्द पडत नसे.

मोटारींच्या वाहनतळावर त्याला घेईनात. दुचाकींच्या तळावरचा माणूस म्हणाला, लावा, पण स्टँडवर लावा. मेकॅनिकने लोखंडी स्टँड जोडून दिला. उभ्या राहिलेल्या मोटारीला तो टेकवताना चष्मेवाल्याला पहिल्यांदाच थोडी लाज वाटली.

शेवटी त्याने फेरविचाराचा अर्ज केला. आई की बायको, हा प्रश्न सरकारने कुठल्याही सज्जनापुढे टाकू नये, असे त्यात कळवळून लिहिले. साहेब दोन सहकाऱ्यांना घेऊन गल्लीत पाहणीला आले. पुढे चालवा म्हणाले, त्याने चालवली. मागे घ्या म्हणाले, तो उतरला आणि पुढून रेटून ढकलू लागला.

तिघे बाजूला जाऊन कुजबुजले. मग साहेबांनी निर्णय दिला. पुढे जाताना वाहन दुचाकी आहेच. मात्र मागे जाताना ते माणसाच्या बळावर चालते, सबब त्या दिशेने ते हातगाडी ठरते. हातगाडीचा वेगळा परवाना काढावा लागेल.

चष्मेवाला पायरीवर मटकन बसला. बायको मात्र दारातून पुढे आली.

"साहेब, हातगाडीवर माणसं किती चालतात?"

"माणसं नाही बाई, हातगाडीवर माल असतो."

"बरं, माल किती?"

"ओढवेल तेवढा."

"आणि हेल्मेट?"

"मालाला कशाला हेल्मेट?"

पुढच्या रविवारी सगळे कुटुंब एकत्र निघाले. आई मागच्या सीटवर, बायको स्टिअरिंगवर, दोघीही माल म्हणून. चष्मेवाला बॉनेटला खांदा लावून मोटार उलटी ढकलत होता. मोठ्या पुलावर हातगाड्यांना बंदी नव्हती; तशी बंदी घालण्याची कल्पनाच कुणाला सुचली नव्हती. बायको कित्येक दिवसांनी त्याच्याशी बोलत होती, जरा जोर लावा म्हणत होती. आईने खिडकीतून डोके काढून कळवले की या पद्धतीत रस्ता आधी तिला दिसतो, हे बरे आहे. घामाने निथळत असतानाही चष्मेवाल्याला वाटले, आपण आता पूर्णपणे कायदेशीर आहोत.

पुलावर मागे वाहनांची रांग लागली. पण काचेवर चिकटवलेला हातगाडीचा परवाना आणि त्यावरचा सरकारी शिक्का दिसल्यावर हॉर्न थांबले. एक गृहस्थ आपल्या कोऱ्या करकरीत गाडीतून उतरून त्याच्यापाशी आले. ते आता हसतील, याची चष्मेवाला वाट पाहत होता. ते हसले नाहीत. हा परवाना कोणत्या खिडकीवर मिळतो आणि अर्जाची मुदत केव्हा संपते आहे, एवढेच त्यांनी काळजीच्या सुरात विचारले.

त्या गृहस्थांना तुम्ही ओळखता. रोज सकाळी केस विंचरताना ते तुमच्या समोरच असतात.